येथे सर्व कुशल आहे

माझ्या धाकट्या भावाची मुलगी गेल्या भाद्रपदात एकटीच दारव्ह्याला आली. तिचा जन्म १९८३ सालचा, न्यू जर्सीतील एडिसनचा. यापूर्वी ती तीनदा आली होती. पण ती आईवडिलांबरोबर, लग्नकार्याच्या गर्दीत. या वेळी तिच्याजवळ एक कापडी पिशवी होती. पिशवीत मी तिच्या वडिलांना लिहिलेले निळे एअरोग्राम होते, सालवार लावलेले. देवनागरी अक्षरे ती या पत्रांवरूनच शिकली. रविवारी सकाळी वडील तिला शेजारी बसवीत आणि एकेक ओळ वाचून घेत. तिला सर्वांत आधी वाचता आले ते माझ्या प्रत्येक पत्राचे पहिले वाक्य : येथे सर्व कुशल आहे.

“मोठे बाबा, मला लहानपणी वाटायचे, दारव्हा म्हणजे असे गाव की जिथे कधीच काही वाईट घडत नाही,” ती म्हणाली. मी हसून वेळ मारून नेली.

आमच्या घरी कापसाची अडत होती. शकुंतला रेल्वे दारव्ह्याहून मूर्तिजापूरला जाई आणि तिच्या डब्यांतून या भागाचा कापूस मुंबईच्या वाटेला लागे. १९७२ मध्ये राज्य सरकारची कापूस एकाधिकार खरेदी योजना आली आणि शेतकऱ्याकडून कापूस घेण्याचा आमचा व्यवसाय संपला. योजनेच्या बऱ्यावाईटाविषयी मला येथे लिहावयाचे नाही. त्या काळच्या व्यापारात सारेच साव होते असेही मी म्हणणार नाही. आमच्या घरापुरते सांगायचे तर मुनीमजींना निरोप द्यावा लागला, अडतीच्या जागी किराणा आला आणि यवतमाळच्या अमोलकचंद महाविद्यालयातील दुसरे वर्ष अर्धवट सोडून मी गादीवर येऊन बसलो. धाकटा अभ्यासात हुशार. तो नागपूरच्या विश्वेश्वरय्या प्रादेशिक अभियांत्रिकी महाविद्यालयात गेला आणि १९७९ मध्ये तेथून अमेरिकेला. मला कोणी शिक्षण सोड म्हटले नव्हते, हे खरे. पण सोडू नको असेही कोणी म्हटले नाही.

पुतणी तिकडे हिशेब तपासण्याचे काम करते. रक्ताचा गुण म्हणा! माळ्यावर आजोबांच्या वह्या आहेत हे कळताच तिने त्या खाली काढायला लावल्या. लाल कापडाच्या बांधणीतली एक खतावणी उघडली, तर तिच्या वडिलांच्या नावाचेच पान निघाले. वसतिगृहाचे पैसे, पुस्तके, शेवटी विमानाचे तिकीट, सारे आमच्या वडिलांनी त्याच्या नावे टाकलेले. त्यानंतर दर दिवाळीला अमेरिकेहून आलेल्या ड्राफ्टची रक्कम जमा. १९९१ आणि १९९२ या दोन सालांपुढे मात्र काही नाही. आणि त्या कोऱ्या जागेत तांबड्या पेन्सिलीने काढलेले एक प्रश्नचिन्ह.

“हे कोणी काढले?” तिने विचारले.

ते मी काढले होते. त्या दोन वर्षांत वडील अर्धांगवायूने अंथरुणाला खिळले होते. औषधे, नागपूरच्या खेपा, दिवसरात्र राहणारा माणूस, यांत दुकानाचे भांडवल संपत आले. भावाची पत्रे येत होती, पैसा येत नव्हता. माणूस सातासमुद्रापार गेला की तिकडचाच होतो, असे मी मनात ठरवून टाकले. पुढे ड्राफ्ट पूर्ववत सुरू झाले, वडील १९९३ मध्ये गेले, तो आला, रडला, परत गेला. ते प्रश्नचिन्ह मी त्याला कधी दाखवले नाही. आणि मनातून पुसलेही नाही.

पुतणी बराच वेळ पानाकडे पाहत राहिली. मग तिने सांगावयास सुरुवात केली.

१९९१च्या मंदीत तिच्या वडिलांची नोकरी गेली. अभियंता म्हणून दुसरी मिळेना. जवळजवळ दोन वर्षे त्यांनी रात्रपाळीला पेट्रोल पंपावर काम केले आणि आई एका कारखान्यात खोकी भरण्याच्या कामाला जाऊ लागली. ही तेव्हा आठ वर्षांची. वीज कंपनीला दूरध्वनी करून बिलाची मुदत वाढवून मागायची असे, आणि आईचे इंग्रजी समोरच्याला समजत नसे. म्हणून ही आईसारखा आवाज काढून स्वतःच बोलत असे. शाळेतील शिक्षिका आईला जे सांगे त्याचे मराठीही हीच करी. दुकानातील प्रत्येक पाकिटाच्या मागचा बारीक मजकूर वाचून त्यात प्राणिज पदार्थ नाही ना, हे पाहण्याचे काम तर सहाव्या वर्षापासूनच तिचे. डिसेंबरात तिकडे साडेचारलाच सूर्य मावळतो. शाळेच्या बसमधून उतरली की दप्तर टाकून ती रात्रीच्या जेवणाला बसायची, कारण घराची शिस्त दारव्ह्याची आणि घड्याळ न्यू जर्सीचे.

“तिकडे आम्हा मुलांना फर्स्ट जनरेशन अमेरिकन म्हणतात,” ती म्हणाली. “आम्ही तुमच्यासाठी घर सोडले, हे ऐकतच आम्ही मोठे होतो. ते कर्ज कसे फेडायचे, हे कोणी सांगत नाही.” आम्हीही आमच्या मुलांना दुकानाच्या गादीवरून हेच ऐकवले आहे, हे मला तिच्यासमोर कबूल करावे लागले.

त्या दोन वर्षांतही वडील दर महिन्याला मला पत्र लिहीत. एकदा पहिलीच ओळ वाचून तिने विचारले होते, “बाबा, खोटे का लिहिता?” त्यावर ते म्हणाले होते, “दादा माझ्यासाठी कॉलेज सोडून दुकानात बसला. त्याला आणखी काळजी कशाला द्यायची?”

मला वाटत आले होते की त्या गोष्टीची नोंद कोठेच नाही. खतावणीत ती नव्हती, हे खरे.

मी खोडरबर शोधू लागलो. तिने माझा हात धरला. “हिशेबात खाडाखोड करायची नसते, मोठे बाबा. नवी नोंद करा.” आमचे वडीलही हेच सांगत, ते तिच्यापर्यंत कोणत्या वाटेने पोहोचले, कोण जाणे. मग तिने पिशवीतून त्याच दोन वर्षांतील माझी पत्रे काढली आणि विचारले, “यातही सर्व कुशल आहे. मग तेव्हा इथे काय चालले होते?”

तिची मोठी आई दारात उभी होती. तिनेच मला खुणेने सांग म्हटले. मी सांगितले.

अनंत चतुर्दशीनंतर क्षमावणीला भावाचा दूरध्वनी आला. दरवर्षी येतो. आम्ही दोघे दरवर्षी तेच ठरलेले शब्द बोलतो, तो कापसाचा भाव विचारतो, मी तिकडचे हवामान विचारतो आणि बोलणे संपते. या वेळी भाव सांगून झाल्यावर मी त्याला प्रश्नचिन्हाची गोष्ट सांगितली. तो म्हणाला, “दादा, मीच कळवायला हवे होते.” मग मी म्हटले, वडिलांच्या आजारपणात मीही तुला काही कळवले नाही. एक प्लॉट विकावा लागला.

पलीकडून काही क्षण नुसता श्वास ऐकू आला.

“कोणता? स्टेशनामागचा?”

लहानपणी शकुंतलेचे वाफेचे इंजिन पाहायला आम्ही ज्या कुंपणावर जाऊन बसत असू, तो. धाकट्याचे घर येथे बांधायचे, असे म्हणून वडिलांनी तो घेतला होता.

“तोच,” मी म्हणालो.