मगरिब ते इशा : वडगावच्या भोंग्याची वेळ

सांगली जिल्ह्यातले कडेगाव आपल्यापैकी अनेकांना मोहर्रममुळे ठाऊक आहे. तिथल्या गगनचुंबी ताबुतांमध्ये हिंदू बांधवांचेही ताबूत असतात आणि भेटीचा सोहळा पाहायला दूरदूरची माणसे येतात. याच तालुक्यात मोहित्यांचे वडगाव नावाचे साधारण तीन हजार वस्तीचे गाव आहे. रोज संध्याकाळी ७ वाजता तिथल्या मंदिरावरचा भोंगा वाजतो आणि घराघरांतले टीव्ही, मोबाइल बंद होतात. साडेआठला दुसरा भोंगा झाला की ज्याला हवे त्याने पुन्हा सुरू करावेत. १४ ऑगस्ट २०२२ रोजी गावच्या महिलांच्या बैठकीत हे ठरले आणि दुसऱ्या दिवशी, स्वातंत्र्यदिनापासून, अमलात आले.

मे महिन्याच्या सुट्टीत आम्ही मिरजेहून निघालो. आम्ही म्हणजे आम्ही दोघे, दोन मुले आणि अम्मी, म्हणजे आमच्या सासूबाई. ओळखीच्या एका शिक्षकांचे घर वडगावात होते, त्यामुळे पाहुणचाराची सोय झाली. पलूस तालुक्यातून पुढे जाताना दोन्ही बाजूंना ऊस लागतो. किर्लोस्करवाडी याच तालुक्यातली. इथूनच १९२० साली ‘किर्लोस्कर’ मासिक सुरू झाले आणि महाराष्ट्रातली घरेच्या घरे एका अंकाभोवती बसून वाचू लागली. पुढे यशवंतराव चव्हाणांचे जन्मगाव देवराष्ट्रे आणि सागरेश्वरचा डोंगर. हे अभयारण्य मुद्दाम झाडे लावून, हरणे आणून उभे केलेले आहे. एकेकाळी उघडाबोडका असलेला डोंगर माणसांनी मिळून हिरवा केला. या भागाला एकत्र येऊन काही करण्याची जुनी सवय आहे, हे वाटेतच लक्षात आले.

गावात पोहोचलो तेव्हा ऊन उतरले होते. गाव इतर कोणत्याही गावासारखेच. कट्ट्यावर तरुण मुले माना खाली घालून मोबाइलमध्ये गुंतलेली, एका घरातून मालिकेचा आवाज, दुसऱ्यातून क्रिकेटचा. ७ वाजता भोंगा झाला. एकेक आवाज बंद होत गेला आणि मग ऐकू आले ते भांडी, गुरे आणि माणसांचे बोलणे.

मे अखेरीस आपल्याकडे सूर्य ७ च्या सुमारास मावळतो. म्हणजे भोंगा आणि मगरिब जवळजवळ एकाच वेळी. यजमानांच्या आईंनी विचारण्याआधीच ओसरीवर धुतलेली चादर अंथरली आणि किबल्याची दिशा विचारून मधली खुर्ची बाजूला केली. नमाज होईपर्यंत शेजारची चार-पाच मुले वह्या घेऊन ओसरीच्या दुसऱ्या टोकाला बसली होती. आमच्या मुलांनाही त्यांनी आपल्यात ओढून घेतले. पाढे झाले, कोडी झाली, थोडी भांडणेही झाली. आमच्या धाकट्याने पहिल्या अर्ध्या तासात दोनदा विचारले, “किती वाजले?” नंतर विचारले नाही.

यजमान म्हणाले, “सुरुवातीला कोणी मनावर घेत नव्हतं. मग आशा सेविका, अंगणवाडी सेविका, ग्रामपंचायतीचे कर्मचारी, निवृत्त शिक्षक घरोघर फिरले. करोनात शाळेसाठी मोबाइल पोरांच्या हातात आपणच दिला. शाळा उघडली, पण मोबाइल काही परत आला नाही.”

हे वाक्य आम्हा शिक्षकांना नवे नाही. आठवीच्या वर्गात पहिल्याच तासाला पेंगणारी मुले आम्ही रोज पाहतो. “टीचर, एकच व्हिडिओ बघणार होतो,” असे त्यांचे उत्तर असते, आणि ते खोटे नसते. पुस्तकाला शेवटचे पान असते. मोबाइलवर एक व्हिडिओ संपण्याआधी दुसरा तयार असतो आणि पुढचा आवडेल की नाही हे माहीत नसल्यामुळेच बोट थांबत नाही. रात्रीच्या वेळी डोळ्यांवर पडणारा हा प्रकाश झोप आणणाऱ्या मेलाटोनिनला मागे ढकलतो. झोप कमी झाली की चिडचिड वाढते, लक्ष लागत नाही. ईदच्या दिवशी मैत्रिणींच्या कपड्यांचे फोटो पाहून स्वतःचा नवा जोडा नकोसा वाटणारी मुलगीही आमच्याच वर्गात आहे. तिला वाटते, सगळे जग आनंदात आहे, आपणच मागे राहिलो. जागतिक आरोग्य संघटनेने गेमिंगच्या व्यसनाला आजारांच्या यादीत स्थान दिले आहे. बंगळुरूच्या निम्हान्स रुग्णालयात अशा सवयींसाठी २०१४ पासून स्वतंत्र उपचार केंद्र आहे. तेव्हा याला केवळ पोरांचा हट्ट समजून चालणार नाही.

मग वडगावाने वेगळे काय केले? आपल्या घरात आपण मुलाला सांगतो, “मोबाइल ठेव,” आणि सांगताना आपल्या हातात मोबाइल असतो. मूल ठेवते, पण त्याचे सारे मित्र त्याच वेळी ऑनलाइन असतात, म्हणून त्याला शिक्षा झाल्यासारखे वाटते. वडगावात ७ वाजता आजोबांचा टीव्हीही बंद आणि मित्राचा मोबाइलही बंद. आपले काही चुकते आहे, ही हुरहुर कोणालाच लागत नाही. शिवाय वेळ सांगणारा आवाज आईचा नाही, सगळ्या गावाचा आहे. त्यामुळे घरात रोजचे भांडण होत नाही.

त्या दीड तासात आमचे लक्ष मात्र अम्मींकडे होते. घरी सगळे एकाच खोलीत असतो, तरी त्यांच्याशी कोणी बोलत नाही. बोलले तरी स्क्रीनवरची नजर न उचलता, “हां अम्मी.” त्या दिवशी यजमानांच्या आईंशी त्यांनी ७२ च्या दुष्काळावर, मिलो ज्वारीच्या भाकरीवर, खडी फोडायला गेलेल्या बायकांवर तासभर गप्पा मारल्या. आमचा मोठा मुलगा ऐकता ऐकता जवळ सरकला. आपली दादी लहानपणी खडीवर गेली होती, हे त्याला त्या संध्याकाळी पहिल्यांदा कळले.

परतताना गाडीत आम्ही म्हणालो, आपल्या मोहल्ल्यातही असा भोंगा हवा. अम्मी म्हणाल्या, “आपल्याकडं भोंगा कशाला? अजान होतेच की.”

खरेच, मगरिब ते इशा हा वेळ आपल्या घरांत पूर्वी राखून ठेवलेला असे. दिवेलागणीला मुले घरात घेतली जात. नमाज होई, सिपारा उघडे, मग एका दस्तरखानवर जेवण. रसूलुल्लाह (स.) यांना इशापूर्वी झोपणे आणि इशानंतर विनाकारण गप्पा मारत बसणे पसंत नव्हते, असे हदीसमध्ये येते. दिवस कुठे संपवायचा याची हद्द आपल्याला आधीच आखून दिलेली आहे. वडगावचे घड्याळ वर्षभर ७ वर असते, आपली मगरिब हिवाळ्यात ६ वाजताच येते, इतकाच फरक.

आता आमच्या घरी मगरिबच्या अजानला सगळे मोबाइल भाकरीच्या जुन्या टोपलीत जातात, मोठ्यांचे आधी. अब्बूंच्या कामाचा फोन वाजला तर उठून बोलायचे आणि परत टोपलीत ठेवायचा. एका घराने हे टिकवणे अवघड जाते. म्हणून शेजारच्या तीन घरांशी बोललो, दोन तयार झाली. त्यामुळे मुलांना अंगणात खेळायला सोबती मिळाले. तिसऱ्या घरी पुन्हा जायचे आहे.

एक गोष्ट मात्र लक्षात ठेवावी. मूल जेवत नसेल, कोणाशी बोलत नसेल, मोबाइल काढून घेतल्यावर स्वतःला इजा करण्याच्या गोष्टी करत असेल, तर टोपली पुरेशी नाही. तावीज शोधत दिवस घालवू नयेत आणि “लोक काय म्हणतील” म्हणून लपवूही नये. दुआ करावी आणि डॉक्टरांकडेही न्यावे. सरकारच्या टेलिमानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक विनाशुल्क आहे आणि तिथे मराठीत बोलता येते. हा क्रमांक कपाटाच्या दाराला आतून चिकटवून ठेवा. अल्लाह करो, त्याची गरज कोणालाच न पडो.