साठा नोंदवहीतलं पुस्तक

निवृत्त झाले तरी केंद्राच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपमधून मला अजून कोणी काढलेलं नाही. परवा तिथे एक पीडीएफ आली, शिक्षकांनी वाचावीत अशा पुस्तकांची यादी. खाली सूचना : पुस्तक हातात धरून फोटो काढावा आणि आजच लिंकवर टाकावा. यादीत गिजुभाई बधेकांचं ‘दिवास्वप्न’ होतं. संध्याकाळपर्यंत फोटोच फोटो. दोन शाळांच्या फोटोंत तर प्रत एकच, चहाच्या डागासकट.

गिजुभाई मला आधी भेटले ते डी.एड.च्या ‘टिपा लिहा’मध्ये. जन्म 1885, वकिली सोडली, भावनगरची दक्षिणामूर्ती संस्था, 1920चं बालमंदिर, लोक ‘मूछाळी मा’ म्हणत. टीप संपली.

पुस्तक प्रत्यक्ष दिसलं पहिल्या नोकरीत, काचेच्या कपाटात. कपाटाला कुलूप, किल्ली हेडसरांच्या खणात, खणालाही कुलूप. मागितलं की सर म्हणायचे, “बाई, साठा नोंदवहीला चढलंय ते. हरवलं तर वसुली माझ्या पगारातून.” त्यांची भीती खोटी नव्हती. तपासणीला आलेले साहेब पुस्तकं मोजायचे. कोणी वाचली का, याला रकानाच नव्हता. पण त्या काचेवरचा माझा राग अजून उतरलेला नाही. मधल्या सुट्टीत मी बाहेरून नुसती नावं वाचत उभी राहायचे, मिठाईच्या दुकानासमोर पोरं राहतात तशी.

वाचायला मिळालं ते बदली झाल्यावर. तिथल्या एक ज्येष्ठ बाई स्वतःच्या पैशांनी घेतलेली प्रत डब्याच्या पिशवीत बाळगायच्या. तेलानं मुखपृष्ठ आरपार दिसायला लागलं होतं. जेवण झालं की पदराला हात पुसून मोठ्यानं वाचायच्या. चौथीच्या वर्गावर प्रयोग करायला निघालेला मास्तर पहिल्याच दिवशी शांततेचा खेळ घेतो, पोरं चित्रविचित्र आवाज काढून त्याची फजिती करतात, आणि दुसऱ्या दिवशी तो मुकाट्यानं गोष्ट सांगायला लागतो. इथे बाई दरवेळी खुसखुसायच्या.

इथे विष्णुशास्त्री चिपळूणकर मध्येच का आठवावेत, कोण जाणे. शिक्षकांना सरकारनं वाचायला द्यायचं, ही काही आजची टूम नाही. एकोणिसाव्या शतकात सरकारी ‘शालापत्रक’ निघायचं, संपादक आधी वडील कृष्णशास्त्री, मग विष्णुशास्त्री. चिरंजीवांची लेखणी सरकारला झेपली नाही आणि 1875 मध्ये पत्रक बंद पडलं. पुढे शास्त्रीबुवांनी सरकारी शाळेतली नोकरीही सोडली आणि 1880च्या पहिल्या दिवशी पुण्यात न्यू इंग्लिश स्कूल उघडलं. त्यांचा ‘दिवास्वप्न’शी काही संबंध नाही. पण मास्तरांचं वाचन सरकारी कपाटात फार काळ सुखानं नांदत नाही, एवढं मात्र मी त्यावरून धरून बसले आहे.

गिजुभाई स्वतः कुठल्या यादीमुळे वाचायला लागले नव्हते. घरात मुलगा जन्मला, त्याला कसं वाढवावं या काळजीत वकीलसाहेब माँटेसरीपर्यंत पोचले. ताराबाई मोडक भावनगरला जाऊन त्यांच्याबरोबर राबल्या, म्हणून ते बालशिक्षणाचं काम पुढे बोर्डी-कोसबाडला रुजलं.

बाई निवृत्त होताना ती प्रत माझ्या हातात ठेवून गेल्या. घरी येऊन उघडली तर समासात सगळीकडे पेन्सिल. एका पानावर ‘आपला मागच्या बाकावरचा असाच’. खेळांच्या पानावर ‘मैदान नाही. ओटा चालेल?’ एका ठिकाणी ‘जमलं नाही. छत गळत होतं.’ आणि गोष्टींच्या प्रकरणाशेजारी, जरा दाबून : ‘साहेब आले. गोष्ट अर्धी राहिली. पोरं उद्या विचारतील.’ गिजुभाईंचं पुस्तक शंभरेक पानांचं. बाईंचं त्याच्या कडेकडेनं चालू होतं. कुठल्याही प्रशिक्षणात मला वर्ग असा कोणी दाखवला नाही. तिथे चहा मिळायचा, हस्तपुस्तिका मिळायची, उपस्थितीपत्रकावर सही घेतली जायची. हस्तपुस्तिकेच्या समासात लिहावंसं कधी वाटलं नाही. कागद गुळगुळीत असायचा, पेन्सिल उठायचीच नाही.

ती प्रत सध्या शेजारच्या तालुक्यातल्या एका नव्या शिक्षिकेकडे आहे. तिला सांगितलंय, फोटो नाही काढलास तरी चालेल, पेन्सिल मात्र जवळ ठेव.

तेव्हा मुख्याध्यापकहो, कपाट उघडा. पुस्तकं घरी जाऊ द्या, तेलकट होऊ द्या. एखादं हरवलंच, तर निर्लेखनाचा प्रस्ताव मी लिहून देईन. नोकरीत असले पुष्कळ लिहिलेत.