सालीखालचे भाडेकरू

मिशिगनमधल्या मराठी मंडळींना केन्सिंग्टन मेट्रोपार्क माहीत आहे ते केंट तळ्यामुळे, नाहीतर तळहातावर बसून दाणे टिपणाऱ्या चिकडी पक्ष्यांमुळे. आम्ही मात्र मुलांना घेऊन तिथे जातो ते मेलेली झाडं बघायला!

ही झाडं अ‍ॅशची. बेसबॉलच्या बॅटी ज्याच्या होतात तेच लाकूड. एमराल्ड अ‍ॅश बोरर नावाचा, जेमतेम अर्ध्या इंचाचा हिरवागार आशियाई भुंगा २००२ साली डेट्रॉइटच्या परिसरात ओळखला गेला. मालाच्या लाकडी खोक्यांतून तो आला असावा. पुढे खोडांतली वर्तुळं तपासल्यावर कळलं, की स्वारी १९९० च्या दशकापासूनच इथे मुक्कामाला होती. वरून साल शाबूत. आत काय चाललंय याचा पत्ता नाही. तेव्हापासून कोट्यवधी अ‍ॅश गेले.

गळून पडलेल्या सालीची आतली बाजू बघा. भुशाने गच्च भरलेले नागमोडी बोगदे आणि बाहेर इंग्रजी 'डी'च्या आकाराची, तीन-चार मिलिमीटरची भोकं दिसली, की समजावं हाच तो. त्याची अळी चपटी, दुधी रंगाची, बिनपायाची. पेरं एकात एक बसवलेल्या घंटांसारखी आणि शेपटाला दोन बारीक काटे.

गंमत अशी, की या अळीला जिवंत अंतर्साल लागते. झाड पुरतं वाळून साल सुटली, की ओलसर जागी दुसरीच चपटी, पिवळसर अळी सापडते. शेपटाला दोन काटे हिलाही! पण पुढच्या बाजूला सहा पाय स्पष्ट दिसतात. ही फायर-कलर्ड बीटलची. झाड मेल्यावर राहायला आलेली. कुजक्या, बुरशी धरलेल्या लाकडावर तिचा निर्वाह. खुनाचा आळ तिच्यावर घेऊन तिला चिरडू नये. म्हणून मुलांना आमचा पहिला धडा, 'आधी पाय मोजा.' जाड, गोलसर अंगाची अळी दिसली तर ती बहुधा लांब मिशांच्या भुंग्याची. कोकणात आंब्याचं खोड पोखरणारा भिरूड याच कुळातला, बरं का!

कोष म्हटला की आपल्याला रेशीम आठवतं. भुंग्याचा कोष बहुधा उघडाच असतो: मेणाच्या मूर्तीसारखा पांढरा, पाय आणि मिशा पोटाशी दुमडलेल्या. पाइनच्या सालीखाली ऱ्हेजियम भुंग्याची अळी तर लाकडाच्या तंतूंचं गोल घरटं करते आणि त्यात कोषात जाते. बघून झालं की साल होती तशी झाकून ठेवायची.

कारखान्यात येणाऱ्या लाकडी पॅलेटवर 'एचटी' असा शिक्का असतो. म्हणजे लाकूड गाभ्यापर्यंत ५६ अंश सेल्सिअसला अर्धा तास तापवलेलं. आपल्या घरामागच्या सरपणावर असा शिक्का नसतो, आणि कापलेल्या लाकडातूनही बोरर पुढच्या उन्हाळ्यात बाहेर पडू शकतो. तेव्हा कँपिंगला निघताना घरची लाकडं गाडीत टाकू नका. जिथे जाल तिथलीच घ्या आणि तिथेच जाळा.