वाटेवरील पाणी

शेगावहून पंढरपुरास जाणारी श्रीगजाननमहाराजांची पालखी परभणी जिल्ह्यातून जाते. परभणीपासून गंगाखेड सुमारे ४० किलोमीटर. एका ज्येष्ठात मी ती वाट एका दिंडीबरोबर पायी चाललो. भक्तीविषयी लिहिण्यास अधिकारी पुरुष पुष्कळ आहेत. मला लिहावयाचे आहे ते पाण्याविषयी.

मृगाच्या दोन सरी होऊन गेल्या होत्या. अशा वेळी शिवारातील घाण वाहत येऊन कठडा नसलेल्या विहिरींत उतरते. आमच्यातील एक आजी जुन्या सुती लुगड्याच्या तुकड्याची चार पदरी घडी तांब्यावर धरल्यावाचून पाणी घेत नसत. "आजी, पाणी आरशासारखं तर आहे!" असे एक तरुण हसून म्हणाला. "बाबा, नारू बी असल्याच नितळ पाण्यातून आला व्हता," असे म्हणून त्यांनी पोटरीवरील जुना वण दाखविला.

विद्यार्थिमित्रांनो, नारू तुम्ही पाहिलेला नाही, हे तुमचे भाग्य. रोगी पायऱ्यांच्या बारवेत उतरला की त्याच्या जखमेतून कृमीची पिले पाण्यात जात. पिसवेएवढा एक जलजीव ती गिळी आणि तो जीव माणसाच्या पोटात जाई. वर्षभराने दोन हात लांब कृमी कातडी फोडून बाहेर येई! यावर ना लस, ना औषध. फडके, हातपंप आणि बारवेत न उतरण्याची शिस्त एवढ्यावर तो देशातून गेला. भारतातील शेवटचा रोगी १९९६ साली आढळला. २००० साली जागतिक आरोग्य संघटनेने देश नारूमुक्त ठरविला.

पटकीचे मात्र तसे नाही. तिचे जंतू कॉखने १८८४ साली कलकत्त्याच्या तळ्यात दाखविले. ते कापडातून सहज निसटतात. तथापि पुष्कळसे त्याच जलजीवांस चिकटलेले असतात. म्हणून बांगलादेशात चार पदरी जुन्या साडीने पाणी गाळणाऱ्या गावांत पटकी जवळजवळ निम्म्याने घटली, असे २००३ साली प्रसिद्ध झाले. उरलेल्या निम्म्यासाठी पाणी खळखळून उकळावे, अथवा गाळून त्यात क्लोरीन घालून अर्धा तास थांबावे. तहानलेल्या दिंडीस तो अर्धा तासच फार जड जातो, हे मी टँकरपाशी पाहिले.

मुक्कामी फिरती शौचालये होती. तरी पहाटेच्या अंधारात काही मंडळी ओढ्याकाठीच बसली. आजी मात्र पाय दुखत असूनही रांगेत उभ्या राहिल्या. उजाडले तेव्हा त्याच काठाच्या खालच्या अंगास दोन मुली झिऱ्यावर घागरी भरीत होत्या.

"बाई, गाळून उकळतेस का गं?" आजींनी विचारले.

"गाळतो की. पण एवढं उकळायला गॅस कुठला पुरतो, आजी?"

आजी काही बोलल्या नाहीत. पुढे टाळ वाजू लागले होते.