निसरड्यावरचे गाणे

विजयदुर्गाहून निघालेला आणि गगनबावड्याच्या घाटाने कोल्हापूरकडे चढणारा रस्ता मुंबई-गोवा महामार्गाला जेथे भेटतो, तेथे तळेरे हे गाव आहे. येणाऱ्या-जाणाऱ्यांनी चहापुरते थांबावे आणि पुढे व्हावे, असाच या गावाचा लौकिक. गेल्या पावसाळ्यात आम्ही मात्र तेथे एक संपूर्ण रात्र राहिलो. ओळखीच्या एका ख्रिस्ती कुटुंबातील आजीच्या निधनास वर्ष झाले होते. घरी मिस्सा झाली, जेवणे झाली आणि परतीच्या गाडीची वेळ होताच आभाळ फुटल्यासारखा पाऊस कोसळू लागला. घरची माणसे म्हणाली, "फादर, आज काय तुमका जावक गावचा नाय." आम्हीही मुकाट्याने पडवीतल्या खुर्चीवर बसलो.

त्याच पडवीत घरातली बारा वर्षांची मुलगी पायांत मोजे घालून लादीवर घसरत होती. एका टोकाकडून धावत यावे, मध्येच पाय जुळवावेत, हात पसरावेत आणि भिंतीपर्यंत घसरत जावे, असा तिचा खेळ चालला होता. कठड्यावर मोबाइल उभा करून ठेवला होता व त्यातून जपानी भाषेतील गाणे ऐकू येत होते. एकदा ती चांगलीच आपटली. आम्ही दचकून उठलो. ती गुडघा चोळत हसली आणि मोबाइलकडे बोट दाखवून म्हणाली, "फादर, ती पण पडता. पण पडली तरी गाणा थांबणा नाय."

हे वाक्य त्या वेळी आमच्या मनात नीटसे उतरले नाही. ते उतरावयास रात्र व्हावी लागली.

आम्ही तिच्याशेजारी बसून ती चित्रमालिका पाहिली. तिचे नाव 'प्रिटी ऱ्हिदम : अरोरा ड्रीम'. जपानमध्ये ती एप्रिल २०११ मध्ये दूरचित्रवाणीवर सुरू झाली. त्या देशाला हादरवून सोडणाऱ्या ११ मार्चच्या भूकंपाला आणि सागरी लाटेला तेव्हा महिनाही उलटला नव्हता. वर्षभरात तिचे ५१ भाग झाले आणि पुढे त्याच धर्तीच्या आणखी दोन मालिका आल्या. तिचा उगम खेळण्यांच्या दुकानांतून ठेवलेल्या नाणी घालून खेळावयाच्या यंत्रात होता, म्हणजे मूळ हेतू व्यापाराचा, हे लपविण्याचे कारण नाही. मालिकेतील आयरा, रिझुमु आणि मिऑन या किशोरवयीन मुली चाकाच्या नव्हे, पात्याच्या बुटांवर घसरत एकाच वेळी गातात, नाचतात आणि उड्या घेतात. प्रत्येक उडीत त्या मुलीच्या मनातील भाव आकाशात चित्ररूपाने उमटतो आणि त्यास गुण मिळतात. रिझुमुच्या आईचीही एक कथा आहे. तीही कधीकाळी अशीच नामवंत कलावती होती, एका अवघड उडीच्या ध्यासापायी ती लेकीपासून दुरावली आणि तीच उडी आपण पुरी करावी हा मुलीचा हट्ट आहे. मोबाइलवरच्या इवल्या पडद्यावर ही आई-मुलीची गोष्ट पाहताना आमच्या यजमानीणबाई दारात येऊन उभ्या राहिल्या आणि काही न बोलता आत गेल्या.

वाचकहो, खरे सांगावयाचे तर आमच्या मनात त्या वेळी प्रवचन तयार होत होते. जपानात अशा मुलींना 'आयडॉल' म्हणतात. शब्द इंग्रजी, अर्थ मूर्ती. दहा आज्ञा शिकवीत आयुष्य गेलेल्या माणसाचे कान या शब्दाने टवकारले नाहीत तरच नवल! एका फ्रेंच चित्रपटाच्या नावातून हा शब्द १९६४ च्या सुमारास जपानात रुजला आणि पुढे कोवळ्या वयाच्या गायक-गायिकांना तो कायमचा चिकटला. १९७१ पासून तेथे दूरचित्रवाणीवर अशा मुलांची निवड करणारा एक कार्यक्रम बारा वर्षे चालला. त्यातून १९७२ मध्ये निवडली गेलेली मोमोए यामागुची तेव्हा अवघी १३ वर्षांची होती. साऱ्या जपानने तिला डोक्यावर घेतले. १९८० मध्ये, वयाच्या २१ व्या वर्षी, तिने शेवटच्या कार्यक्रमात आपला ध्वनिक्षेपक रंगमंचावर ठेवला आणि ती चालती झाली. पुन्हा फिरून आली नाही. मूर्तीला मखरातून आपल्या पायांनी उतरता येते, हे तिने दाखवून दिले. पण असे उतरणे किती जणींना साधते?

आपल्याकडे काय निराळे आहे? २००५ मध्ये मुंबईचा अभिजीत सावंत पहिला 'इंडियन आयडॉल' झाला आणि तोच शब्द आपल्या माजघरात येऊन बसला. २००८-०९ च्या हिवाळ्यात 'सा रे ग म प लिटल चॅम्प्स'ने तर महाराष्ट्राला वेड लावले. आळंदीची कार्तिकी गायकवाड विजयी झाली. आपल्या कोकणातल्या आरवलीचा प्रथमेश लघाटे, अलिबागची मुग्धा वैशंपायन, पुण्याची आर्या आंबेकर, लातूरचा रोहित राऊत ही नावे घरोघरी नातवंडांच्या नावांसारखी उच्चारली गेली. या पाचही मुलांनी पुढे गाणे सोडले नाही. २०२१ मध्ये तीच पाच जणे त्याच कार्यक्रमाच्या नव्या पर्वात परीक्षकांच्या जागी बसली आणि २०२३ च्या डिसेंबरात प्रथमेश व मुग्धा यांचा विवाह झाला. गोड शेवटाची कथा आहे ही आणि आम्हांलाही तिचा आनंद आहे. परंतु त्या पाचांच्या आधी जी मुले एकेक करून 'बाद' झाली, त्यांतील एकाचे तरी नाव आम्हांला आठवते काय? निकाल जाहीर होताना कॅमेरा त्यांच्या भरून आलेल्या डोळ्यांवर थांबत असे आणि आम्ही, धर्मगुरू असूनही, जेवणाचे ताट हातात घेऊन ते पाहत असू.

बर्फावरच्या खऱ्या खेळातही हेच घडले. २०२२ मध्ये बीजिंगच्या हिवाळी ऑलिंपिकमध्ये १५ वर्षांची कामिला वालियेवा पहिल्या फेरीत सर्वांच्या पुढे होती. उत्तेजक द्रव्याच्या चाचणीचा वाद डोक्यावर घेऊन ती अखेरच्या फेरीत उतरली, पुनःपुन्हा पडली आणि चौथी आली. मैदानाबाहेर आल्यावर तिला प्रशिक्षिकेकडून प्रथम काय ऐकावे लागले, तर झुंज का सोडलीस, हा प्रश्न! पुढे २०२४ मध्ये क्रीडा लवादाने तिच्यावर चार वर्षांची बंदी घातली. मात्र त्या संध्याकाळी साऱ्या जगाने पाहिले ते एक रडणारे लेकरू. त्याच वर्षी जूनमध्ये आंतरराष्ट्रीय स्केटिंग संघटनेने प्रौढ गटातील किमान वय १५ वरून टप्प्याटप्प्याने १७ वर नेण्याचे ठरविले. शहाणपण आले, पण एका मुलीच्या पडण्याची किंमत देऊन आले.

आपल्या देशातही कायदा आहे, हे पालकांनी जाणून घ्यावे. २०१७ च्या नियमांप्रमाणे चौदा वर्षांखालील बालकलाकाराकडून दिवसाला पाच तासांहून अधिक आणि विश्रांतीवाचून सलग तीन तासांहून अधिक काम घेता येत नाही. त्यासाठी जिल्हा दंडाधिकाऱ्यांची परवानगी लागते. मिळकतीचा किमान पाचवा हिस्सा मुलाच्या नावे राष्ट्रीयीकृत बँकेत मुदत ठेवीत ठेवावा लागतो. आणि सर्वांत मोलाचे म्हणजे, मुलाच्या इच्छेविरुद्ध, त्याच्या संमतीवाचून त्याला अशा कामात उतरविता येत नाही. मुलाची संमती! आपल्या घरांत आणि आपल्या मंदिरांत हा शब्द आपण किती वेळा वापरतो?

पवित्र शास्त्रात दोन नृत्ये आहेत. दावीद राजा कराराच्या कोशापुढे देहभान विसरून नाचला. राणी मीखल खिडकीतून पाहून मनात तुच्छतेने हसली, पण त्याला त्याची पर्वा नव्हती. दुसरे नृत्य हेरोदाच्या वाढदिवसाच्या मेजवानीतले. तेथे एक मुलगी नाचली, पाहुणे खूश झाले, काय मागू म्हणून तिने आईला विचारले आणि आईने आपले जुने वैर त्या लेकराच्या तोंडून मागून घेतले. नृत्य वाईट नव्हते. मुलीचे नाचणे थोरांनी आपल्या कामासाठी वापरले, तेथे पाप झाले. आमच्या या सिंधुदुर्गात दशावतारी कलावंत स्वतःच्या हाताने तोंडाला रंग लावतो, जत्रेच्या रात्री राजा होतो, राणी होतो आणि पहाटे रंग पुसून, सामान उचलून पुढच्या गावच्या जत्रेला निघतो. रात्री त्याला हात जोडणारा गावकरी सकाळी त्याच्याबरोबर चहा पितो. रंग पुसता येतो, तोवर मूर्ती माणूस राहते. लहान मुलांच्या तोंडावरचा रंग पुसण्यास मात्र आपण विसरतो.

एवढे सारे प्रवचन मनात रचून झाले आणि मग रात्री, पत्र्यावर पाऊस वाजत असताना, त्या मुलीचे वाक्य परत आले. पडली तरी गाणे थांबत नाही.

बर्फावरील या खेळाचा नियम तसाच आहे. खेळाडू पडला तर त्याचा एक गुण कापतात. संगीत चालूच राहते. त्याने उठावे, चालीत शिरावे आणि पुढे जावे. 

१९९८ चा नाताळ. सिंधुदुर्ग त्या वेळी पुणे धर्मप्रांतात होता; आपला स्वतंत्र धर्मप्रांत होण्यास अजून सात वर्षे अवकाश होता. आम्ही नवे धर्मगुरू, किनाऱ्यावरील एका धर्मग्रामात साहाय्यक म्हणून आलेलो, अंगात सेमिनरीतल्या संगीताची घमेंड. मध्यरात्रीच्या मिस्सेसाठी गायकवृंद बसविला होता. एका अकरा वर्षांच्या मुलीला एकटीने म्हणावयाचे कडवे दिले होते. मंदिर भरलेले होते आणि बाहेर अंगणातही माणसे उभी होती. वरच्या सुरावर तिचा आवाज फाटला. एकदाच फाटला. आम्ही पेटीवरचा हात उचलला, तिला हाताने मागे सारले आणि पुढचे कडवे शेजारच्या मुलीला म्हणावयास सांगितले. मिस्सेनंतर तिच्या आईला म्हणालो, "हिचा आवाज अजून तयार नाही." आमच्या मते ते मार्गदर्शन होते.

ती मुलगी पुन्हा गायकवृंदात आली नाही. पुढे आमची बदली झाली. तिचे लग्न तळेऱ्यास झाले आणि आता तिची मुलगी बारा वर्षांची आहे.

बर्फावर पडणाऱ्याचा एक गुण जातो. आम्ही त्या लेकराचे सारे गाणेच काढून घेतले होते. कॅमेऱ्याला, परीक्षकांना, दूरदेशीच्या प्रशिक्षिकेला बोल लावणे सोपे. त्या मध्यरात्री परीक्षकही आम्हीच होतो आणि संगीत थांबविणारेही आम्हीच.

आम्ही उठून स्वयंपाकघराच्या दाराशी गेलो. बाई भांडी आवरीत होत्या. आम्ही त्या नाताळाची गोष्ट काढली आणि क्षमा मागितली. शब्द नीट आले नाहीत. प्रवचनाची सवय अशा वेळी कामी येत नाही. त्या थोडा वेळ हातातला पेला पुसत राहिल्या आणि मग म्हणाल्या, "फादर, तुमका अजून आठवता? माका वाटला होता, तुमी इसारलात."

आम्ही विसरलो नव्हतो, हाच आमचा अधिक मोठा अपराध. इतकी वर्षे आठवण ठेवली आणि तोंड उघडले नाही. आम्ही विसरलो असू असे समजून त्या बाईने आम्हांला कधीच मोकळे करून टाकले होते. आम्ही मात्र आठवत असूनही तिला मोकळे केले नव्हते. त्या पुढे एवढेच बोलल्या, "चेडवाक मी काय्येक सांगूक नाय. तिका गावची हौस आसा. गावंदे."

झोपण्यापूर्वी रोझरी झाली. वीज गेलेली होती, आजीच्या तसबिरीपुढे मेणबत्ती होती. रोझरी संपल्यावर मरियेचे गीत सुरू केले ते मुलीनेच. सूर बराच वर लागला होता आणि आम्हांला ते तत्काळ कळले; जुनी खोड जात नाही. दुसऱ्या ओळीला तिचा आवाज चिरकला. आमचा हात मांडीवरून हलला आणि आम्ही तो दुसऱ्या हाताने धरून ठेवला. मुलीने गिळून घेतले, खालच्या सुरात आली आणि पुढे गात राहिली. तिचे वडील गात होते, आम्हीही गात होतो. तिच्या आईचे ओठ हलताना मेणबत्तीच्या उजेडात दिसले. आवाज निघत होता की नाही, ते पत्र्यावरच्या पावसामुळे आम्हांला कळले नाही.

सकाळी पाऊस उघडला. खळ्यातल्या चिऱ्यांवर हिरवेगार शेवाळ चढले होते. आमच्या कोकणात बर्फ नाही. निसरडे मात्र वर्षातले चार महिने आहे. मुलगी आम्हांला गाडीपर्यंत पोहोचवावयास आली आणि वाटेत दोनदा आम्हांलाच हात देऊन सावरले.

आता नाताळ जवळ येईल. धर्मग्रामा-धर्मग्रामांतून गायकवृंद बसतील, नाटुकली बसतील, देवदूतांना पंख शिवले जातील. आयाबापांनो, शिक्षकांनो आणि आमच्या धर्मगुरू-बंधूंनो, कोणाचे तरी लेकरू कोठे तरी अडखळेलच. पेटीवरचा हात उचलू नका.