माळवदाखालचा गारवा

वाचकहो, वैशाखात लातूरहून औशावरून किल्लारीकडे जाण्याचा योग आला, तर त्या मुलखातल्या एखाद्या जुन्या माळवदाच्या घरात घटकाभर टेका. बाहेर ऊन मी म्हणत असते. आत पाऊल टाकताच अंगाला गारवा लागतो. ना पंखा, ना कूलर. मग हा गारवा येतो कुठून?

तो असतो रात्रीचा. दगडमातीची जाडजूड भिंत आणि लाकडी छतावरचा मातीचा थर रात्रभर निवतात. दुसऱ्या दिवशीची धग आत झिरपेपर्यंत सूर्य कलतो. कणगीत धान्य साठवावे, तसा भिंतीत गारवा साठतो.

पण याच मुलखाने त्या भिंतींचे दुसरे रूपही पाहिले. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे भूकंप झाला. आदल्या दिवशी गणपती बोळवून माणसे गाढ झोपली होती. मातीत रचलेल्या भिंतींच्या दोन्ही बाजू सांधणारे आरपार दगड नव्हते. भिंती फुटल्या, माळवदाची माती अंगावर आली. सुमारे आठ हजार माणसे गेली. पुढे ५२ गावे नव्या जागी वसवावी लागली.

आता गावोगाव पातळ भिंतींची, स्लॅबची घरे झाली. दुपारी स्लॅब तापतो, रात्री तीच धग खाली सोडतो, आणि कूलरचे बिल वाढते. म्हणून जुन्या भिंतीकडे परत जावे काय? तसे नव्हे. तिची युक्ती तेवढी घ्यावी.

उन्हाळ्याआधी स्लॅबला चुन्याची पांढरी सफेदी द्या. पश्चिमेच्या भिंतीवर मांडव किंवा वेल चढवा. हवा निवली की खिडक्या उघडा, सकाळी ऊन चढण्याआधी लावून घ्या. घरात झाकलेले, भरलेले रांजण ठेवा. सारख्या वजनाच्या दगडापेक्षा पाणी सुमारे पाचपट उष्णता पोटात घेते. रात्री निवलेले ते पाणी दिवसा खोलीची थोडी धग ओढते. रात्री हवा निवते अशा कोरड्या मुलखातच हे सारे नीट साधते.

आणि तुमचे घर माळवदाचे असेल, तर गळतीसाठी दरसाल मातीवर माती चढवू नका. जाणत्या इंजिनिअरला दाखवून जादा माती उतरवा, भिंतीत आरपार दगड बसवून घ्या.

गारवा साठवायला वाडवडिलांनी शिकवले. जीव सांभाळून तो साठवणे, हे किल्लारीने शिकवले.