आवडीला एक वार हवा

तुला काय आवडतं, सुट्टीत काय करतेस, असं विचारलं की मंद्रूपच्या विशीतल्या पोरी आधी न आवडणाऱ्या गोष्टी सांगतात. कॉलेज सुटल्यावर भरलेल्या एसटीत उभ्यानं येणं आवडत नाही, वैशाखात चुलीपुढं बसणं आवडत नाही, पाहुणेमंडळींचा ‘यंदा उरकायचं का?’ हा प्रश्न तर मुळीच आवडत नाही. आवडीचं विचारलं की उत्तर अडतं. मीही याच गावची, याच वयाची, आणि माझंही अडतं. यावरून लोक ठरवून टाकतात की खेड्यातल्या पोरींना आवडीनिवडी नसतात, मोबाइलपलीकडं त्यांना काही सुचत नाही. हा निष्कर्ष मला साफ चुकीचा वाटतो. नावड रोजच्या धबडग्यात आपोआप तयार होते. आवड तयार व्हायला मात्र सलग मोकळा वेळ लागतो, दर आठवड्याला मिळणारा आणि मागावा न लागणारा. आमच्याकडं तुटवडा आहे तो या वेळेचा.

गावात करण्यासारखं काही नाही, हे कारण तर टिकतच नाही. मंद्रूप सोलापूर-विजयपूर महामार्गावर आहे आणि सोलापूर सुमारे २५ किलोमीटरवर. १७ मार्च २०२३ पासून बायकांना एसटीचं तिकीट अर्धं झालं, तेव्हा भाड्याची सबबही निम्मी झाली. अनेक घरांत कन्नड आणि शाळेत मराठी, त्यामुळं दोन भाषांची गाणी आणि सिनेमे आम्हाला आयतेच कळतात. आमच्याच दक्षिण सोलापूर तालुक्यात हत्तरसंग-कुडल इथं भीमा आणि सीना एकमेकींना मिळतात. तिथल्या संगमेश्वराच्या देवळात शके ९४० चा, म्हणजे इसवी सन १०१८ चा लेख आहे. सोलापूरचे संशोधक आनंद कुंभार यांनी तो उजेडात आणला आणि अनेक अभ्यासक त्याला मराठीतला सर्वांत जुना कालोल्लेख असलेला लेख मानतात. हे वाचणारा विजयी होईल, अशा अर्थाचं वाक्य त्यात कोरलेलं आहे. शेजारच्या हरिहरेश्वराच्या देवळात शेकडो मुखं कोरलेलं शिवलिंग आहे. दूरवरून अभ्यासक जिथं येतात, तिथं इथल्या पोरी बहुधा शाळेच्या सहलीतच जातात, कारण सहलीला घरून परवानगी मागताना ‘मग घरचं कोण बघणार?’ असं कुणी विचारत नाही.

‘घरचं’ म्हणजे किती, हे मोजलं गेलेलं आहे. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयानं २०१९ मध्ये लोकांच्या दिवसभराच्या वेळेची देशभर पाहणी केली. सहा वर्षं आणि त्यापुढच्या वयाच्या ८१.२ टक्के स्त्रिया बिनपगारी घरकाम करताना आढळल्या, पुरुष २६.१ टक्के. जे करतात त्यांच्यातही बाईची दिवसाला सरासरी २९९ मिनिटं जातात आणि पुरुषाची ९७. हे पाच तास रविवारी कमी होत नाहीत, आमच्याकडं तर वाढतात. आठवडाभर कॉलेज किंवा सोलापुरातली नोकरी असते, म्हणून अंथरुणं-वाकळा धुणं, दळण, शेंगा फोडून दाणे काढणं, चटणी कुटणं, जळमटं काढणं हे सगळं ‘तू घरीच आहेस की’ म्हणत त्या एका दिवसावर लोटलं जातं. त्याच घरातला भाऊ सकाळी बॅट घेऊन बाहेर पडतो. त्याचा मला राग नाही. त्याला क्रिकेट आवडतं हे त्याला ठाऊक आहे, कारण ते आवडतं का हे बघायला त्याला कितीतरी रविवार मिळाले.

रविवार हा काही निसर्गानं दिलेला नाही, तो भांडून मिळवलेला आहे, आणि तोही याच महाराष्ट्रात. जोतीराव फुल्यांचे सहकारी नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ पासून मुंबईच्या गिरणी कामगारांसाठी आठवड्याच्या सुट्टीची मागणी लावून धरली. २४ एप्रिल १८९० च्या सभेला सुमारे दहा हजार कामगार जमले आणि त्यांच्यापुढं दोन कामगार स्त्रियाही बोलल्या. १० जून १८९० रोजी मालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. त्या दोन बायकांचा मी वारंवार विचार करते. गिरणी बंद झाली तरी त्यांच्या घरची चूल पेटलेलीच राहिली असणार. पुढं कारखान्यांच्या कायद्यात साप्ताहिक सुट्टी आली, दुकानांच्या कायद्यात आली, पण घर हे कामाचं ठिकाण कुणी धरलंच नाही. सोलापुरात घरी बसून विड्या वळणाऱ्या हजारो बायकांना मजुरी हजार विड्यांच्या हिशेबानं मिळते. त्यांनी एक दिवस हात थांबवला की त्या दिवसाचे पैसेही थांबतात.

आमच्या वडीलधाऱ्यांचा यावर ठरलेला आक्षेप असतो, शेतीला कुठला आलाय रविवार? तो खोटा नाही. शाळू काढणीला आला की वार बघून चालत नाही, आणि जनावरांना वैरण रोजच लागते. पण हंगाम आणि सुट्टी एकत्र नांदू शकतात हे याच शेतकऱ्यांनी दाखवून दिलं आहे. मार्गशीर्षातल्या वेळ अमावास्येला आमच्या भागातली गावं ओस पडतात, सगळे शेतावर जातात. कडब्याची कोप, भज्जी, आंबिल, उंडे, ओळख असो नसो, बांधावरून हाक मारून जेवायला बसवणं. ऐन ज्वारी उभी असताना सगळं गाव एक दिवस थांबतं आणि काही बिघडत नाही. मग हुरडा येतो, संक्रांतीला सिद्धेश्वराची गड्ड्याची जत्रा येते. हे सगळं मला मनापासून आवडतं, त्याला नावं ठेवायची माझी इच्छा नाही. तरी भज्जीच्या भाज्या निवडायला पहाटे कोण उठतं, हे बघायला हवं. सणाचा आनंद सगळ्यांचा असतो आणि त्यात प्रत्येकाचं काम आधीच ठरलेलं असतं. त्यात माझी आवड कोणती, हे शोधायला जागा नसते.

दुसरा आक्षेप जरा अवघड आहे. वेळ दिला तरी ही पिढी मोबाइलवरच घालवणार, असं म्हणतात. घालवतेही, मी नाकारत नाही. पण दोन कामांच्या मधे मिळालेल्या दहा मिनिटांत हाताला येईल असं दुसरं काय आहे? कादंबरीचं एक प्रकरण त्यात मावत नाही, शिवणकामाचा नवा प्रकार मावत नाही, मैदानावर जाऊन येणं तर नाहीच. सोलापूर जिल्ह्यातल्या मिरे गावच्या किरण नवगिरे आधी मैदानी खेळांत होत्या, मग क्रिकेटकडं वळल्या. एप्रिल २०२२ मध्ये नागालँडकडून टी-ट्वेंटी सामन्यात त्यांनी नाबाद १६२ धावा काढल्या आणि त्याच वर्षी सप्टेंबरात भारताकडून खेळल्या. सगळ्या पोरी देशाकडून खेळणार नाहीत, खेळायलाही नकोत. मला त्यात महत्त्वाचं वाटतं ते एका खेळातून दुसऱ्या खेळाकडं जाणं. एक गोष्ट करून बघावी, जमली नाही तर सोडावी, दुसरी धरावी, यात काही रविवार वाया जाणारच. भावांचे गेलेले चालतात, आमचेही चालायला हवेत.

राहतो प्रश्न जेवणाचा, आणि घरातली चर्चा शेवटी तिथंच येऊन अडते. आमच्या मुलखाची कडक भाकरी बरेच दिवस टिकते. शेंगाची चटणी टिकते, दही घरचं असतं, कांदा फोडायला चूल लागत नाही. आठवड्यातून एक दिवस दुपारचा स्वयंपाक न करता घर पोटभर जेवू शकेल, असं खाणं सोलापूरकरांनी कधीच तयार करून ठेवलेलं आहे. आज्जीच्या दातांना कडक भाकरी झेपत नाही, तिला मऊच लागते, हे अगदी खरं. तिच्यासाठी दोन भाकरी थापाव्या लागतील. पीठ मळून ती थापायला दादाला दोन-तीन रविवारांत सहज येईल, आणि तोवर तिनं कडक भाकरीच दुधात कुस्करून खाल्ली तरी तिची हरकत नसते.